स्वीटीचा डावा अंगठा

माह्या लाथेचं नाव साऱ्या हिंगणीत आहे. हसू नका, खरं सांगून राह्यली. मी पायाळू. म्हणजे मायच्या पोटातून बाहेर येतानी लोकांचं पहिले डोकं येते, माहे पाय आले. अन् पायाळूची लाथ लागली का पाठीतली चमक पळते, हे आमच्याकडं लहान लेकरालेही माहीत आहे. कोणाची कंबर धरली का त्याले माह्या उंबरठ्यावर, माह्याकडं पाठ करून बसवतेत. मी डावा पाय उचलते अन् हलकेच देते. ज्यायनं जिंदगीत कोणाचं वाकडं बोलणं ऐकून घेतलं नाई, असे मोठमोठे लोकं माह्यापुढं गपचूप पाठ देऊन बसतेत. मात्र आभाळात इज चमकली का हेच लोकं माह्यापासून दूर सरकतेत, कारण पायाळूवर इज पडते म्हणे. लाथ पाहिजे, पण सोबत नको. अस्से लोकं!

माहं नाव रामबाई उईके. जंगलखात्याच्या रोपवाटिकेत कामाले जाते. माहा लहान भाऊ बंड्या, लोकांसाठी बंडूजी, बोर धरणाच्या बाजूले जंगलात वनमजूर आहे. वाघाच्या पायाचे ठसे पाहून त्याले काई होत नाई, पण सुई पाहिली का घाम फुटते. त्याची एकुलती एक पोरगी स्वीटी. तिची माय ती रांगत होती तवाच गेली, म्हणून पोट्टी माह्याच अंगणात वाढली. माह्याच अंगणात चुन्याची रेघ ओढून कबड्डी खेळायले शिकली, अन् माहे वाळू घातलेले मोहफुलं तुडवून शिव्याही खाल्ल्या.

आता ते वर्ध्याच्या कॉलेजात शिकते, पिपरी मेघेत मैत्रिणींसोबत खोली करून राह्यते अन् तिथल्याच मंडळाकडून खेळते. रेडर आहे. रेडर म्हणजे जे एकटी समोरच्यांच्या अंगणात घुसते अन् 'कबड्डी कबड्डी' म्हणत, दम न सोडता, कोणाले तरी हात-पाय लावून परत येते. स्वीटीचा डावा पाय असा सुटे, का समोरच्या पोरीले अंगठा लागल्यावरच समजे का आपण बाद झालो. मी रेषेबाहेर उभी राहून इतकी बोंबलत असे का एकदा पंचानं मलेच बाहेर काढलं. काढू दे. पोट्टी जिंकलीच ना!

तिले शिकवणाऱ्या माणिक सरांचा एक नियम होता. सर माणूस चांगला, पण नियम कडू. 'रेडरनं दुखणं दाखवायचं नाई. तुमचा कोणता पाय दुखते हे अँटीले समजलं, का ते तोच पाय धरतेत.' अँटी म्हणजे समोरची टीम. पोरीनं हा नियम इतका मनावर घेतला का घरीही तेच. गुडघा सुजला, 'नाई दुखत.' बोट मोडलं, 'नाई दुखत.' पण मले तिची एक खूण माहीत होती. पकडीत सापडली का तिचा 'कबड्डी कबड्डी' जोरानं धावे. तोंड हसरं, डोळे शांत, अन् दम मात्र सुसाट. हे तिले स्वतःलेही माहीत नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात ते घरी आली. राज्याची निवड तोंडावर होती.

"आत्या, थोडीशी चमक भरली. एक लाथ मार न व."

मारली. पुढच्या रविवारी पुन्हा आली, पुन्हा मारली. बरं वाटते म्हणे. तिसऱ्यांदा आली तवा मी अंगणात तूर झोडपत होती. पोट्टी फाटकातून थेट उंबरठ्याकडं निघाली अन् पाठ करून बसली. म्या पाहिलं तं उजव्या पायात चप्पल, डावा पाय उघडा. डावी चप्पल तिकडं फाटकाजवळ धुळीत उलटी पडलेली.

"स्वीट्ये, चप्पल कुठं व तुही?"

तिनं खाली पाहिलं अन् दचकली. चप्पल पायातून गळून पडली, हे तिले समजलंच नव्हतं! एवढं सारं अंगण ते एका चपलेनं चालत आली होती.

माह्या हातातली काठी खाली गेली. म्या तिच्यासमोर बसून तिचा डावा पाय मांडीवर घेतला. "अंगठा वर कर." पोट्टीनं दात आवळले. बाकीचे बोटं थोडे थोडे हलले, अंगठा पडलेलाच. म्या अंगठा चिमटीत धरला. "लागलं?"

"हो."

"खोटं बोलून राह्यली. चिमटा म्या अजून काढलाच नाई, नुसतं धरलं."

तवा तिचा चेहरा उतरला. "आत्या, तू फक्त लाथ मार. निवड झाली का दाखवते मी डॉक्टरले. सरांना सांगू नको."

खरं सांगते, मले इतका राग आला का मी गोंडीत सुरू झाली. राग आला का माही मराठी पुरत नाई. मोठ्या-मोठ्यांना लाथ मारणारी मी, त्या दिवशी पाय उचललाच नाई. ही चमक नव्हती. चमक माणसाले ओरडायले लावते, अन् हा अंगठा तं मुका झाला होता. दुसऱ्या दिवशी पोरीले अन् बंड्याले धरून एसटीनं सेलूवरून वर्ध्याले गेली.

मणक्याच्या डॉक्टर होत्या इला मॅडम. बारीक अंगाच्या, बोलायले झपाट्याच्या. त्यायनं स्वीटीले टाचेवर चालायले लावलं, अंगठ्यावर बोट ठेवून 'ढकल' म्हटलं, मशीनमधी घालून पाठीचे फोटो काढले. मग आम्हाले बसवून फोटो दाखवला.

"मणक्यांच्या मागे लहान लहान सांधे असतात. खेळात सारखं वाकणं, वळणं, झटके. त्यातल्या एका सांध्यातून पाण्याची पिशवी फुगली आहे. ही बघा, वाटाण्याएवढी. ती नेमकी अंगठ्याकडे जाणाऱ्या नसेवर बसली आहे."

म्या खाली मान घालून म्हटलं, "मॅडम, मी लाथ मारत होती. पायाळू आहे मी."

मॅडमनं माह्या पायाकडं पाहिलं. मले वाटलं आता झापते. "तुमच्या लाथेनं ही गाठ झालेली नाही, मावशी. पण लाथेनं ती जाणारही नाही. आता स्वीटीला लाथ बंद."

"अन् तिचा अंगठा?"

"नस फार दिवस दाबलेली राहिली तर अंगठा परत येत नाही. मग कबड्डी विसरा, साधी चप्पलही पायात टिकणार नाही. आत्ता काढली तर चांगली आशा आहे. या आठवड्यातच काढू."

बंड्या उभाच राह्यला. "मॅडम, पाठीच्या कण्याले चाकू लागला का माणूस खाटेवर पडते. आम्ही पाह्यलं आहे."

"पूर्वी मोठी चीर द्यावी लागायची, बंडूजी. आता नखाएवढं भोक, त्यातून पेन्सिलीएवढी नळी, नळीच्या टोकाला कॅमेरा. दुसऱ्या दिवशी पोरगी चालत घरी."

"पेन्सिलीएवढी?" म्या विचारलं.

"पेन्सिलीएवढी."

मले तं तिथंच नाचावंसं वाटलं. बंड्याले कोपर मारलं, "ऐकलं का रे बापा? अन् तू खाटेच्या गोष्टी करून राह्यला!"

पण मॅडम हसल्या नाईत. त्या स्वीटीकडं पाहत होत्या. म्हणाल्या, हे ऑपरेशन पूर्ण झोपवून करत नाई. पाठीची जागा बधिर करायची, पेशंट जागा. कारण नळी नसेजवळ गेली का पेशंटनंच सांगायचं असते, पायात झिणझिण्या आल्या, दुखलं. तीच खरी राखण. "आणि ही मुलगी," मॅडम म्हणाल्या, "मघापासून मी जिथे दाबलं तिथे 'नाही दुखत' म्हणतेय. मी मुद्दाम दुखेल असंच दाबलं होतं. टेबलावर असं खोटं बोललीस, तर माझा हात आंधळा होईल, स्वीटी. नसेला इजा झाली तर अंगठा कायमचा जाईल."

"नाई बोलणार खोटं, मॅडम," पोट्टी म्हणाली. हेही खोटंच होतं, मले समजलं, अन् मॅडमलेही समजलं.

"मॅडम, ते तुम्हाले सांगणार नाई," म्या म्हटलं. "तोंडानं सांगणार नाई. पण मले दिसते."

मॅडमनं थोडा वेळ पेन टेबलावर वाजवला. मग म्हणाल्या, "मग तुम्ही आत या. तिच्या तोंडाजवळ बसा. चक्कर येते का रक्त पाहून?"

"मॅडम, मी अर्ध्या गावाच्या बाळंतपणात हात लावला आहे. चक्कर या माह्या भावाले येते."

ऑपरेशनच्या दिवशी मले हिरवा झगा चढवला, डोक्याले टोपी, तोंडाले फडकं, अन् वरून शिशाचा एक अंगरखा. आत फोटो काढायचं मशीन चालते, त्याची किरणं अंगात जाऊ नये म्हणून. बापा रे, काय ते वजन! वाटलं, तुरीचं पोतं पाठीवर घेतलं. इला मॅडम तेच घालून दिवसभर उभ्या राहतेत म्हणे. बाई बारीक, पण पाठ दगडाची.

स्वीटी पालथी झोपलेली, तोंड एका गोल उशीत. मी खाली लहानशा स्टुलावर, तिच्या नाकासमोर. तिचा एक हात माह्या हातात. वरती पडद्यावर पाठीच्या आतलं सारं दिसत होतं. मले वाटलं होतं लाल-लाल दिसंल, पण तिथं पाणी खेळून राह्यलं होतं, अन् पाण्यात पांढरे, गुलाबी धागे हलून राह्यले होते. माह्या पोरीच्या पाठीत एवढं सुंदर काई असंल, असं मले कधी वाटलंच नव्हतं.

"ही नस," मॅडम म्हणाल्या. "आणि हा आपला पाहुणा."

नसेवर एक पिवळट फुगा बसला होता. मले इतका संताप आला! एवढासा तो, अन् एवढ्या पोरीले पाडते?

"स्वीटी, आता मी गाठीला हात लावतेय. बोलत राहा माझ्याशी. गप्प बसू नकोस."

"काय बोलू, मॅडम?"

"काहीही."

पोरीले काई सुचेना. म्या म्हटलं, "बोलता येत नसंल तं दम लाव."

अन् पोट्टीनं दम लावला. त्या थंड खोलीत, सगळे हिरवे कपडेवाले उभे, अन् उशीतून हळूहळू आवाज आला, "कबड्डी... कबड्डी... कबड्डी..." एक नर्स फडक्याआड हसली. मॅडम म्हणाल्या, "छान. हेच चालू दे."

थोडा वेळ सारं शांत चाललं. मॅडम विचारत, "दुखतंय?" पोट्टी म्हणे, "नाई," अन् पुन्हा दम. मग म्या पाहिलं, दम वाढला. तोंड हसरं. डोळे शांत. अन् "कबड्डीकबड्डीकबड्डी" असं धावायले लागलं.

"दुखतंय का?"

"नाई मॅडम. कबड्डीकबड्डीकबड्डी..."

सापडली! पकडीत सापडली माही पोट्टी!

म्या तिचा हात असा दाबला का नखं रुतले, अन् गोंडीत जे सुनावलं ते मराठीत सांगण्यासारखं नाई. त्यातलं सांगण्यासारखं एवढंच, का अव मूर्खे, इथं अँटी कोण आहे? हे सारे तुह्या टीमचे आहेत! इथं दम तोड! आज जे दम तोडंल तेच जिंकंल!

दम तुटला. पोट्टीचं तोंड उशीत वाकडं झालं, अन् तिच्या उभ्या जन्मात कोणी ऐकलं नसंल असं ते ओरडली, "दुखते व आत्या! लय दुखते! पायात इज गेली, अंगठ्यापर्यंत!"

मॅडमचा हात जागेवर थांबला. जन्मभर लोकं मले म्हणत आले का इज पायाळूवर पडते, अन् ते पडली माह्या लेकराच्या पायात. मले रडू आलं, पण फडक्यात कोणाले दिसते?

"शाब्बास!" मॅडम म्हणाल्या. "गाठ नसेला खालून चिकटली आहे, म्हणून. आता मी दुसऱ्या बाजूनं येते. आता कसं वाटतंय?"

"आता कमी आहे. पण मॅडम, खांदाही दुखते."

"बरं."

"अन् उजवा गुडघा. तो तं मागच्या साली सुजला होता, म्या कोणाले सांगतलं नाई. अन् हाताचं हे बोट, हे मोडलं होतं. अन् ही उशी टोचून राह्यली."

"स्वीटी," मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "आज फक्त पायाचं सांग ग बाई!"

सारी खोली हसली. धरणाचं दार उघडावं तसं झालं होतं. इतक्या वर्षांचं दुखणं पोट्टी एका दमात सांगत होती, अन् मॅडम मधी मधी 'पाय? पाय?' विचारत तो पिवळा फुगा सोडवत होत्या. मग पडद्यावर तो सुटला. नळीतून बाहेर आला तवा नुसतं एक चिमूटभर सालपट! म्या म्हटलं, "हाच का तो हरामखोर?" "हाच," मॅडम म्हणाल्या. पडद्यावर नस मोकळी झाली अन् पाण्यात डुलायले लागली.

"स्वीटी, डावा अंगठा वर कर."

मले पाय दिसत नव्हता. तिचं तोंड तेवढं दिसत होतं. तिनं डोळे मिटले.

पायाकडं उभी असलेली नर्स ओरडली, "हलला! मॅडम, हलला!"

मी कायले थांबते! तो शिशाचा अंगरखा घेऊन स्टुलावरून अशी ताडकन उठली का माह्याच पाठीत कटकन चमक भरली. वाकडीतिकडी होत पायाकडं पोचली. "आत्याले पाहू द्या! स्वीट्ये, आणखी एकदा!" अन् पाहिलं. अंगठा उचलला. जास्त नाई, सूतभर. पण जो मेलेला होता तो उठला ना! म्या अशी आरोळी ठोकली का बाहेर बसलेला बंड्या दार ढकलून आत यायले निघाला अन् त्याले दोघांनी धरून ठेवलं. त्याले वाटलं पोरगी गेली.

"अंगठा, बंड्या!" मी आतूनच ओरडली. "आपला अंगठा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वीटी स्वतःच्या पायानं चालत गाडीत बसली. पाठीवर एवढीशी पट्टी. बंड्या ती पट्टी चार बाजूंनी पाहे अन् म्हणे, "एवढ्यातून कसं काढलं बापा?" माणिक सर भेटायले आले. निवड हातची गेली, हे त्यांनी सांगायच्या आधीच पोट्टीनं विचारलं, "सर, पुढच्या साली घ्यान न?" सर म्हणाले, "घेईन. पण आधी एक नियम बदलतो. मैदानावर अँटीले दाखवू नका, पण मले सांगत जा." म्या म्हटलं, "हे पहिले सुचलं असतं तं बरं झालं असतं, सर." माही जीभ तशीच आहे, काय करू.

मग रबराचा पट्टा पायाले बांधून अंगठ्याची कसरत सुरू झाली. रोज सकाळ-संध्याकाळ. अंगठा कधी रुसे, कधी उठे. पोट्टी रडे, मग मीच खवळून रबर ओढे. अन् इकडं माही चमक जायचं नाव घेईना. शिशाच्या अंगरख्यानं दिलेली ते भेट. सारं गाव हसलं. पायाळूले चमक! आता तिले कोण लाथ मारंल? स्वतःले तं लाथ मारता येत नाई. कोणी म्हणे, वडनेरले एक पायाळू बाई आहे, तिच्याकडं जा. मी? दुसऱ्या पायाळूकडं? त्यापरीस वाकडी राहीन म्हटलं.

उन्हाळा लागला तवा एका सकाळी स्वीटी वर्ध्याहून तपासून आली. म्या फाटकातच तिचे पाय पाहिले. दोन्ही पायात चपला.

"मॅडम काय म्हणाल्या?"

"मैदानात उतर म्हणाल्या. हळूहळू." तिचं सारं तोंड चमकत होतं. "अन् तुह्या पाठीचं विचारलं. तुलेही दाखवायले बोलावलं."

"मले काई नाई झालं."

"नाई दुखत?"

"नाई."

पोट्टी कमरेवर हात ठेवून उभी राह्यली. "आत्या, उंबरठ्यावर बस. पाठ कर इकडं."

"तू कुठं पायाळू आहेस व?"

"बस म्हणते न."

बंड्या ओसरीत चहा पीत होता, तो हसायले लागला. जिनं साऱ्या गावाले तिथं बसवलं, ते मी त्या दिवशी तिथं बसली. मागून तिनं चप्पल काढल्याचा आवाज आला. मग तिचा तळवा माह्या पाठीवर टेकला, गरम, धुळीनं भरलेला. अन् मग तिनं अंगठ्यानं दाबलं. डाव्या अंगठ्यानं. जिथं चमक होती, नेमकं तिथंच. असं दाबलं का माह्या डोळ्यासमोर काजवे चमकले.

"दुखलं का व आत्या?"

"दुखलं!" मी बोंबलली. "अव लय दुखलं! पाठीत रुतला तुहा अंगठा!"

बंड्या चहा टाकून धावत आला. माह्या डोळ्यातून धारा लागल्या होत्या. "बाई, रडून काऊन राह्यली?"

"दुखून राह्यलं म्हणून," म्या म्हटलं. "स्वीट्ये, आणखी एक मार."